परसबागेत लाल भोपळा आणि झुकिनी: बी टोकण्यापासून फळ उतरवण्यापर्यंत

घराच्या मागे चार हात जागा असली की पहिला वेल बहुतेक जण भोपळ्याचाच लावतात. बी सहज रुजतं, वेल झपाट्याने पसरतो, पिवळीजर्द फुलं येतात आणि मग फळ काही धरत नाही. झुकिनीचंही तेच. झाड दिसायला भरदार, पण बोटाएवढी फळं टोकाकडून पिवळी पडून गळतात. अशा वेळी लोक खताचं पाकीट आणायला धावतात. बहुतेकदा कारण खतात नसतं. एक तर महिना चुकलेला असतो, नाहीतर सकाळी फुलावर मधमाशी आलेली नसते. म्हणून या लेखात त्या दोन गोष्टींवर सगळ्यात जास्त भर दिला आहे.

दोन भावंडं, स्वभाव वेगळे

आपल्याकडचा लाल भोपळा (काही भागांत डांगर, काही भागांत काशीफळ) आणि झुकिनी एकाच कुळातले, पण जाती वेगळ्या. भोपळ्याचा वेल १५ ते २० फूट धावतो, ऊन सोसतो, पाऊसही बऱ्यापैकी सोसतो आणि साडेतीन ते चार महिने जागा अडवतो. झुकिनी पसरत नाही. एका जागी बसून तीन फूट घेराचं झुडूप करते, दीड महिन्यात फळ द्यायला लागते आणि पुढचा महिना-दीड महिना तोडणी देऊन संपते. तिला थंडी आवडते. दिवसा २० ते २८ अंश तापमान असेल तर ती खुशीत असते. ३५ च्या वर गेलं की नर फुलंच जास्त येतात आणि पानं मलूल होतात.

म्हणून जागेचा विचार आधी करा. अंगण असेल तर भोपळा कुंपणाच्या कडेला लावा आणि वेल बाहेरच्या मोकळ्या बाजूला वळवा. गच्चीवर झुकिनी सोपी. तिला १८ इंच व्यासाची आणि तेवढीच उंच ग्रो बॅग पुरते; १५ इंचाच्या खाली जाऊ नका. भोपळाच लावायचा असेल तर २०० लिटरचा निळा ड्रम मधोमध कापून एका अर्ध्यात एकच वेल ठेवा. ओल्या मातीने भरलेला अर्धा ड्रम शंभर किलोच्या पुढे जातो, त्यामुळे तो गच्चीच्या मधोमध न ठेवता खालच्या भिंतीवर किंवा तुळईवर येईल असा ठेवा. ऊन दोघांनाही रोज किमान सहा तास हवं. चार तासांत वेल वाढतो, फळ मात्र क्वचित धरतो.

कधी लावायचं

लाल भोपळ्याचे दोन हंगाम: पावसाळी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून जुलैपर्यंत, आणि उन्हाळी जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून फेब्रुवारीअखेर. नवख्या माणसाने उन्हाळी हंगामाने सुरुवात करावी असं आमचं मत आहे. पाणी हातात असतं, रोग कमी असतात आणि फुलं येतात त्या मार्चमध्ये सकाळी पाऊस नसतो. कोकणात पावसाळी भोपळा लावायचा तर सपाट जमिनीत आळं करू नका. फूटभर उंच मातीचा ढीग करून त्यावर बी टोका, नाहीतर जुलैच्या सरींत मुळं कुजतात.

झुकिनीचा खरा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत. पुणे, नाशिक, सातारा या पट्ट्यात जानेवारीतही लावता येते. मुंबई-ठाणे आणि कोकण किनाऱ्यावर थंडी उशिरा येते आणि लवकर जाते, तिथे नोव्हेंबर गाठा. विदर्भात उलट घाई करावी लागते: ऑक्टोबरात बी पडलं तर डिसेंबरच्या कडाक्याआधी झाड उभं राहतं, कारण रात्री १० अंशाखाली गेल्या की बी रुजायलाच दोन आठवडे घेतं. मे-जूनमध्ये झुकिनी लावू नका. विषाणू, भुरी आणि फळकूज यांतून काही हाती लागत नाही.

बियाणं

भोपळ्यात मोठी फळं देणाऱ्या जाती परसबागेत अडचणीच्या. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ‘अर्का सूर्यमुखी’ एक-दीड किलोची, चार जणांच्या घराला एका वेळी संपेल अशी फळं देते; त्याच संस्थेची ‘अर्का चंदन’ थोडी मोठी, गराला छान. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या ‘पुसा विकास’चा वेल आखूड, त्यामुळे लहान जागेला तीच निवडा. ‘पुसा विश्वास’ची फळं पाच किलोच्या आसपास भरतात, ती मोठ्या अंगणासाठी. गावाकडे घरोघर जपलेलं देशी बी मिळालं तर तेही उत्तम, ते तुमच्या हवेला सरावलेलं असतं.

झुकिनीत याच संस्थेची ‘पुसा अलंकार’ आणि जुनी ‘ऑस्ट्रेलियन ग्रीन’ या नावांनी बी मिळतं. दुकानात बहुतेक संकरित पाकिटं असतात. पाकिटावरची तपासणीची तारीख बघा. दोन बिया जास्त टाकून जुनं पाकीट संपवण्यात अर्थ नाही, कारण दोन-तीन आठवडे वाया गेले की झुकिनीचा हंगामच निसटतो.

आळं भरणं

बी टोकण्याच्या आधी दहा-पंधरा दिवस दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. भोपळ्याच्या दोन खड्ड्यांत सहा फूट, झुकिनीच्या दोन झाडांत अडीच ते तीन फूट अंतर. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला काढा. खड्डा चार-पाच दिवस उन्हात तापू द्या. मग वरच्या मातीत हे मिसळून भरा:

- पूर्ण कुजलेलं शेणखत ८ ते १० किलो (साधारण दोन घमेली)
- निंबोळी पेंड २०० ते २५० ग्रॅम
- हाडांचा चुरा १०० ग्रॅम. चालत नसेल तर त्याऐवजी गांडूळखत दोन किलो जास्त
- मूठभर लाकडाची राख

शेणखत हातात घेतल्यावर गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे. कच्च्या खतात हुमणी येते आणि कोवळी मुळं करपतात. ग्रो बॅगसाठी दोन भाग पोयट्याची माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट आणि दोन मुठी निंबोळी पेंड. तळाला भोकं आहेत ना, ते बघा.

काळी चिकण माती असेल तर घमेलंभर जाड वाळू मिसळा आणि जागा सहा-आठ इंच उंच करा. काळ्या रानात पाणी साचतं आणि भोपळ्याच्या मुळांना ते दोन दिवसही सोसत नाही.

बी टोकणं

बी रात्रभर, म्हणजे आठ ते दहा तास, कोमट पाण्यात भिजवा. त्याहून जास्त नको, गुदमरतं. निथळून चिमूटभर ट्रायकोडर्मा पावडर (मूळकूज रोखणारी उपयुक्त बुरशी) चोळा आणि सावलीत अर्धा तास सुकवा. पाकिटातल्या बियांना रंगीत औषध आधीच लावलेलं असेल तर भिजवणं आणि चोळणं दोन्ही सोडा.

एका आळ्यात वीतभर अंतरावर भोपळ्याच्या तीन किंवा चार बिया, झुकिनीच्या दोन. खोली एक इंच. बी कडेवर उभं किंवा आडवं ठेवा, टोक खाली. झारीने हलकं पाणी द्या आणि रुजेपर्यंत माती ओलसर ठेवा, चिखल नको. २५ ते ३० अंशाला पाच ते आठ दिवसांत दोन जाड दलं वर येतात. दोन खरी पानं आली की भोपळ्याच्या आळ्यात दणकट असं एकच रोप ठेवा, फार तर दोन. बाकीची उपटू नका, कात्रीने बुडाशी कापा. उपटताना शेजारच्या रोपाची मुळं हलतात.

रोप करून लावायचं असेल तर कागदी कपात करा आणि १२ ते १५ दिवसांच्या आत, कप फाडून, मातीच्या हुंडीसकट लावा. या कुळाला मुळं दुखावलेली खपत नाहीत. मिरची-वांग्यासारखं वाफ्यात रोप तयार करून उपटून लावलेलं रोप आठवडाभर तसंच बसून राहतं.

पहिले वीस दिवस

या काळातला शत्रू म्हणजे तांबडा भुंगेरा. नारिंगी-लाल, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. दलांना आणि पहिल्या पानांना गोल भोकं पाडतो आणि दोन दिवसांत रोप बोडकं करतो. त्याच्या अळ्या मातीत राहून मुळं खातात, म्हणून ‘पानं तर बरी दिसतात पण रोप सुकतंय’ असंही होतं. पहाटे गारव्यात हा किडा सुस्त असतो. तेव्हा साबणाच्या पाण्याचं भांडं खाली धरून पान हलवा, पटापट पडतात. ऊन चढल्यावर हात लावायच्या आत उडून जातात. पानांवर दव असताना चाळलेली राख भुरभुरली तरी फरक पडतो, मात्र पावसानंतर पुन्हा टाकावी लागते. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे चार काड्या रोवून त्यावर जुनी मच्छरदाणी टाकणं आणि कडा मातीने दाबणं. फुलं दिसायला लागली की ती काढलीच पाहिजे, नाहीतर मधमाशा आत येणार कशा?

पाणी, खत, शेंडा

पानावर नाही, बुंध्यापासून वीतभर दूर पाणी. हिवाळ्यात जमिनीतल्या झाडाला तीन-चार दिवसांनी ८ ते १० लिटर, मार्च-एप्रिलमध्ये दोन दिवसांनी तेवढंच. ग्रो बॅगला उन्हाळ्यात रोज लागतं. अंदाज चुकत असेल तर बोट दोन पेरं मातीत घाला. तिथे ओल असेल तर आज पाणी नको. भर दुपारी पानं मान टाकतात, ते बघून पाइप उचलू नका. मोठ्या पानांतून उन्हात मुळं ओढतील त्याहून जास्त पाणी उडतं, संध्याकाळी ती सावरतात. सकाळी आठ वाजताही पान लोंबत असेल तर मात्र मुळाशी काहीतरी बिघडलंय.

उसाचं पाचट, वाळका पाला किंवा भाताचा पेंढा तीन इंच जाड अंथरा. ओल टिकते आणि फळ मातीला टेकत नाही.

रोप महिन्याचं झालं की गांडूळखत एक किलो बुंध्याभोवती गोल चर काढून द्या. पहिलं फळ धरल्यावर आणखी तेवढंच, आणि मूठभर राख. युरियाचा मोह टाळा. नत्र जास्त झालं की वेल हिरवागार माजतो, फुलोरा लांबतो आणि मावा पडतो.

भोपळ्याच्या मुख्य वेलाला सात-आठ पानं झाली की शेंडा खुडा. मादी फुलं बगलफुटींवर जास्त येतात. लहान जागेत दोन-तीन फुटी ठेवून बाकी काढा. वेल जमिनीवर जात असेल तर दोन-तीन पेरांवर माती टाका. तिथे मुळं फुटतात आणि मुख्य मुळाला काही झालं तरी वेल तगतो. झुकिनीचा शेंडा कधीही खुडू नका, तिला एकच खोड असतं आणि फळं त्यावरच येतात.

फुलं: इथे सकाळी हजर राहायचं

एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात. नर फूल लांब बारीक देठावर उभं असतं. मादी फुलाच्या खाली, देठ आणि पाकळ्यांच्या मध्ये, इवलंसं फळ असतं: भोपळ्यात गोटीसारखं, झुकिनीत करंगळीसारखं. भोपळ्यावर पहिला आठवडा-दोन आठवडे फक्त नर फुलं येऊन गळतात. तो दोष नाही. झुकिनीत थंडीत कधीकधी याच्या उलट होतं, आधी मादी फुलं येतात आणि नर नसल्यामुळे पहिली दोन-चार फळं कुजतात. म्हणूनच झुकिनीचं एकटं झाड लावू नका. दोन-तीन असली की कुठे ना कुठे नर फूल उमललेलं असतं.

फूल पहाटे उमलतं आणि नऊ-दहापर्यंत कायमचं मिटतं. तेवढ्या तासांत मधमाश्यांनी परागकण नेले नाहीत तर ते फळ गेलं. सातेरी आणि फुलोरी मधमाशी फिरकत असेल तर तुम्हाला काहीच करायला नको. सहाव्या-सातव्या मजल्यावर किंवा ढगाळ दिवसांत मात्र हाताने करावं लागतं. पद्धत अशी:

१. सकाळी सहा ते आठच्या दरम्यान त्याच दिवशी उमललेलं नर फूल देठासकट तोडा. मधल्या दांड्याला बोट लावा. पिवळी पूड बोटाला लागली पाहिजे.
२. त्याच्या पाकळ्या अलगद सोलून टाका, नुसता दांडा राहू द्या.
३. त्या दिवशीच उमललेल्या मादी फुलाच्या मधोमध तीन गड्ड्यांसारखे चिकट भाग दिसतात. तिन्हींवर दांडा हलकेच फिरवा. एकाच बाजूला पूड लागली तर फळ एका बाजूने फुगतं आणि वाकडं होतं.
४. एका नर फुलात दोन मादी फुलं होतात. पावसाची शक्यता असेल तर मादी फुलावर कागदी पिशवी उलटी घाला.

तीन-चार दिवसांत छोटं फळ तकतकीत होऊन फुगायला लागलं आणि देठ खाली झुकला, की धरलं समजा. टोकाकडून पिवळं पडलं तर पराग पोहोचले नाहीत. भोपळ्याच्या एका वेलावर दोन ते चार फळं पुरेत; पुढची मादी फुलं खुडलीत तर आहेत ती फळं भरतात. उरलेली नर फुलं भजीला वापरा, पण चार-पाच वेलावर राहू द्या.

काय बिघडतं

*फळमाशी.* कोवळ्या फळावर टाचणीने टोचल्यासारखा ठिपका आणि त्यावर डिंकाचा थेंब दिसला की आत अळ्या आहेत. असं फळ कंपोस्टमध्ये टाकू नका. दोन फूट खोल पुरा किंवा प्लास्टिक पिशवीत बांधून आठवडाभर उन्हात ठेवा. नाहीतर माती ही पुढच्या माश्यांची पाळणाघर होते. सापळा घेताना ‘क्यूल्यूर’ (या माशीच्या नरांना ओढणारं आमिष) मागा. आंब्यासाठी मिळणारा मिथाइल युजेनॉलचा सापळा या माशीला ओढत नाही, आणि दुकानात तोच हातात पडतो. चार-पाच वेलांना एक सापळा पुरतो. फळ धरल्यावर दोन दिवसांनी सैल सुती पिशवी चढवली तर सापळ्यावरही अवलंबून राहावं लागत नाही.

*भुरी.* पानावर पिठासारखे डाग, बोटाने पुसले जातात. झुकिनीच्या काही वाणांत शिरांच्या कडेने रुपेरी नक्षी जन्मजात असते, ती पुसली जात नाही. तिच्यावर औषध मारू नका. भुरीवर एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा, सकाळी उन्हात फवारा. ब्राझीलमध्ये झुकिनीच्याच भुरीवर याच्या चाचण्या झाल्या आणि १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले; डाग दिसताच सुरुवात केली तर उपयोग होतो, झाड पांढरं झाल्यावर नाही. गंधक सरसकट मारू नका, भोपळावर्गीय पिकांची पानं उन्हात त्याने करपतात.

*केवडा.* पावसाळ्यात पानावर शिरांनी अडवलेले चौकोनी पिवळे डाग पडतात. खालची पानं काढून हवा खेळती करा आणि पान कोरडं राहील असं बघा.

*मोझॅक.* नवी पानं आकसलेली, हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांची आणि फळांवर गाठी. हा विषाणू आहे, मावा आणि पांढऱ्या माशीतून येतो, त्याला औषध नाही. झाड उपटा. बाकीच्यांसाठी पिवळे चिकट सापळे लावा आणि पाच टक्के निंबोळी अर्क फवारा: ५० ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळायची, चिमूटभर साबण घालायचा. फवारणी संध्याकाळी, फुलं मिटल्यावरच. सकाळी फवारलंत तर ज्या मधमाश्यांची वाट बघताय त्यांनाच इजा होते.

तोडणी

झुकिनी फूल उमलल्यापासून पाच-सहा दिवसांत तोडायची. सहा ते आठ इंच लांब, २०० ते २५० ग्रॅम, सालीला नख सहज लागेल अशी. एक दिवसाआड झाड तपासा. पानाखाली लपलेलं एखादं फळ आठवड्यात दुधीएवढं होतं, आत बी धरतं आणि झाड नवीन फळं द्यायचं थांबवतं. पिळून तोडू नका, चाकूने इंचभर देठ ठेवून कापा.

भोपळ्याला घाई नाही. बी टोकल्यापासून १०० ते १२० दिवस. साल नखाने टोचत नाही, जमिनीला टेकलेला भाग पिवळा झालाय आणि देठ वाळून लाकडासारखा झालाय, या तिन्ही खुणा जुळल्या की उतरवा. तीन इंच देठ ठेवा आणि उचलताना देठाला धरू नका. देठ निखळला की तिथूनच कूज शिरते. दहा दिवस वाऱ्याशीर, उबदार, पण थेट ऊन न लागणाऱ्या जागी ठेवा. नंतर फळीवर, एकमेकांना न टेकता, तीन-चार महिने टिकतो. घारग्यांसाठी उतरवल्यावर महिनाभर मुरलेला भोपळा घ्या, गोडी वाढलेली असते.

कोणतंही फळ कापल्यावर जिभेला तुकडा लावून बघा, झुकिनीचं तर नक्की. कडू लागलं तर अख्खं टाकून द्या. तो कडवटपणा कुकुर्बिटॅसिनचा असतो, शिजवून जात नाही आणि त्याने उलट्या-जुलाब होतात.

बी राखायचं असेल तर

संकरित झुकिनीचं बी ठेवू नका, पुढच्या पिढीत काय येईल सांगता येत नाही. देशी भोपळ्याचं मात्र जरूर ठेवा. शेजारच्या भोपळ्याचे पराग येऊ नयेत म्हणून आदल्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी उमलणारी एक मादी आणि दोन नर कळ्या हेरा. त्यांची टोकं पिवळसर झालेली असतात. तिन्हींना दोऱ्याने हलकं बांधा. सकाळी दोरा सोडून वर सांगितल्याप्रमाणे पराग लावा, मादी फूल पुन्हा बांधा आणि देठाला रंगीत चिंधी अडकवा म्हणजे भाजीसाठी तेच फळ कुणी कापणार नाही. पिकलेलं फळ उतरवून तीन-चार आठवडे ठेवा, मग बी काढून धुवा, सावलीत आठवडाभर वाळवा. मोडल्यावर कट् असा आवाज आला की कोरड्या बरणीत, थोडी राख घालून, वर्ष लिहून ठेवा. तीन-चार वर्षं ते बी रुजतं.